लोकशाहीचं काम करणाऱ्यांसाठी परदेशी फेलोशिप: दार निवडण्यापासून विमानात बसेपर्यंत

फेलोशिप हा एकच शब्द तीन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. अनुभवी माणसाला रोजच्या धबडग्यातून काढून शिकायला वेळ देणारी ती फेलोशिप. एका ठरलेल्या विषयावर संशोधन किंवा लेखन करून घेणारीही फेलोशिप. आणि जिवाला, नोकरीला किंवा स्वातंत्र्याला धोका असलेल्या माणसाला काही महिने सुरक्षित जागा देते, तीही फेलोशिपच. तिन्हींचे निकष, कागदपत्रं आणि अर्ज वाचणारी माणसं वेगळी असतात. पहिल्या प्रकारच्या अर्जात धमक्यांची यादी दिली, तर वाचणाऱ्याला प्रकल्प सापडत नाही. तिसऱ्या प्रकारच्या अर्जात पुरस्कारांची यादी दिली, तर त्याला धोका दिसत नाही. म्हणून आपल्याला नेमकं काय हवं आहे, ते आधी एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा.

शिकण्याच्या फेलोशिपमध्ये पत्रकारांसाठी सगळ्यात जुनं आणि मोठं नाव हार्वर्डच्या नीमन फेलोशिपचं. ती १९३८ पासून सुरू आहे. किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, एक शैक्षणिक वर्ष तिथे राहायचं असतं आणि पदवी मिळत नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची पत्रकार फेलोशिप काही महिन्यांची असते. तिथेही पाच वर्षांचा अनुभव हवा, शिवाय एक प्रकल्प पूर्ण करायचा असतो. आठ आठवड्यांपेक्षा जास्त रजा मिळणं अशक्य असेल, तर चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्ती योजनेचा दक्षिण आशियाई पत्रकारांसाठीचा कार्यक्रम पाहा. तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर विद्यापीठात होतो. कार्यकर्ते, प्रशासनातले लोक आणि स्वयंसेवी संस्थांत काम करणारे यांच्यासाठी अमेरिकेची ह्युबर्ट हम्फ्री फेलोशिप आहे. १९७८ साली सुरू झालेली ही फेलोशिप दहा महिन्यांची असून भारतातले अर्ज यूसिफ, म्हणजे युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनमार्फत जातात. स्टॅनफर्डला उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा कार्यक्रम असतो. ड्रेपर हिल्स या नावाने तो बरीच वर्षं ओळखला जायचा, आता त्याचं नाव फिशर फॅमिली समर फेलोज आहे. लोकशाही आणि विकास या विषयांवर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठीच तो आहे.

लोकशाही हाच गाभा असलेली आणि अभ्यासकांना व कार्यकर्त्यांना शेजारी-शेजारी बसवणारी फेलोशिप म्हणजे वॉशिंग्टनची रेगन-फॅसेल. नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी या संस्थेने ती २००१ मध्ये सुरू केली. साधारण पाच महिन्यांच्या मुदतीत कार्यकर्त्याने आपल्या कामाची रणनीती नव्याने मांडायची आणि अभ्यासकाने प्रकाशनयोग्य लेखन करायचं, अशी तिची रचना. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनची चॅन्सेलर फेलोशिप भारतीयांना खुली आहे आणि तिच्याकडे मराठी अर्जदारांचं फारसं लक्ष जात नाही. एक वर्ष जर्मनीत स्वतःचा प्रकल्प करायचा असतो. मात्र तिथली यजमान संस्था आणि मार्गदर्शक अर्जदारानेच आधी शोधायचा असतो. ही अट शेवटच्या महिन्यात लक्षात आली, तर त्या वर्षी अर्ज होत नाही.

पैसा कुठून येतो, ते आधी पाहा

२०२५ पासून हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा झाला आहे. नॅशनल एन्डाउमेंटचा जवळजवळ सगळा निधी अमेरिकी काँग्रेस मंजूर करते. २०२५ च्या सुरुवातीला तो अडवला गेला आणि संस्थेला न्यायालयात जावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्ती कार्यक्रमाच्या मंडळातल्या बहुतेक सदस्यांनी निवडीत सरकारी हस्तक्षेप होत असल्याचं सांगत राजीनामे दिले. त्यामुळे सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही फेलोशिपची जुनी माहितीपत्रकं आणि ओळखीच्यांचे पूर्वीचे अनुभव यांवर विसंबू नका. चालू वर्षाची घोषणा अधिकृत संकेतस्थळावर दिसते का, ते पाहा आणि कार्यालयाला दोन ओळींची ईमेल पाठवून या वर्षी निवड होणार आहे ना, हे विचारून घ्या. विद्यापीठाच्या स्वतःच्या ठेवींवर चालणाऱ्या फेलोशिप, जशी नीमन, तुलनेने स्थिर असतात. दोन अर्ज करायचे असतील तर एक सरकारी निधीचा आणि एक विद्यापीठाच्या निधीचा करा.

वेळापत्रक

परदेशी अर्जदारांसाठी नीमनची मुदत सहसा १ डिसेंबर असते. तो दिवस धरून मागे मोजत या. मे-जूनमध्ये विषय ठरवा आणि पासपोर्टची मुदत तपासा. जुलैमध्ये कामाचे नमुने निवडून भाषांतराला द्या. शिफारस करणाऱ्यांशी बोलणं ऑगस्टअखेर झालेलं असावं. सप्टेंबरमध्ये प्रकल्पाचा पहिला मसुदा, ऑक्टोबरमध्ये दोन त्रयस्थ वाचकांकडून वाचन. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज भरून ठेवा आणि उरलेले दिवस फक्त शिफारसपत्रांच्या पाठपुराव्यासाठी राखा.

मुदतीची वेळ कोणत्या टाइम झोनची आहे, हे प्रत्येक वेळी पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १ डिसेंबरचे रात्रीचे ११.५९ वाजतात तेव्हा आपल्याकडे २ डिसेंबरचे सकाळचे १०.२९ झालेले असतात, म्हणजे तिथे फायदा आहे. पण काही पोर्टलवर मुदत दुपारी बारा वाजता संपते. दिवाळी बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या या धावपळीतच येते आणि त्या आठवड्यात कार्यालयाकडून पत्र, शिक्का किंवा सही मिळत नाही. ही कामं दसऱ्याआधी उरकून घ्या.

प्रकल्पाचा मसुदा

अर्ज पडतो किंवा तरतो तो इथे. ‘महाराष्ट्रातील लोकशाहीसमोरील आव्हाने’ या शीर्षकाखाली काहीही लिहिता येतं आणि म्हणूनच त्यातून काही कळत नाही. वाचणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: तुम्हाला नेमकं काय शोधायचं आहे, ते तुम्हीच का शोधायचं, आणि त्यासाठी इथेच का यायचं. तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त अर्जांत अनुत्तरित राहतो. ‘जागतिक दर्जाचं ग्रंथालय आणि नामवंत प्राध्यापक’ हे उत्तर कोणीही देतं.

एक उदाहरण घेऊ. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. या काळात नगरसेवकाच्या दारात जाणारा माणूस कुठे जात होता? पाणी, गटार, रस्त्याची तक्रार कोणाच्या टेबलावर पोचत होती? अंदाजपत्रकात कोणाच्या विभागाचं ऐकलं गेलं? वॉर्ड कार्यालयात वर्षानुवर्षं फिरलेल्या वार्ताहराकडे याची कच्ची सामग्री तयार असते. ऑक्सफर्डसाठी अर्ज असेल, तर ‘इथेच का’ याचं उत्तरही हाताशी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने आर्थिक संकट जाहीर केलं आणि ब्रिटिश सरकारने तिथे आयुक्त नेमले. तिथे निवडून आलेले सदस्य कायम राहिले, मुंबईत ते नव्हते. हा फरक पकडला की तुलना आपोआप उभी राहते. बर्मिंगहॅम ऑक्सफर्डहून रेल्वेने तासा-सव्वा तासावर आहे. इतकं ठोस लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो.

गडचिरोलीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यालाही हीच पद्धत लागू पडते. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, हे सांगून थांबू नका. बांबूच्या विक्रीचा हिशेब ग्रामसभेत कसा मांडला जातो, बायका कोणत्या टप्प्यावर बोलतात, वाद झाला तर निर्णय कसा होतो, यांपैकी एकच धागा घ्या. पाच महिन्यांत एवढंच होतं.

मसुद्याची लांबी ठरवून दिलेली असते, बहुधा ५०० ते १,००० शब्द. पहिल्या शंभर शब्दांत प्रश्न आलाच पाहिजे. बालपण, गावाची गरिबी आणि समाजसेवेची लहानपणापासूनची ओढ यांनी सुरुवात करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती जागा वाया जाते. महिनावार काम लिहा: पहिल्या महिन्यात काय वाचणार, कोणाच्या मुलाखती घेणार, शेवटी हातात काय असेल. ‘जागृती निर्माण होईल’ हा परिणाम मोजता येत नाही. ‘वॉर्ड अधिकारी आणि नागरिक संघटना वापरू शकतील अशी मराठी व इंग्रजी मार्गदर्शिका’ हा परिणाम वाचणाऱ्याला डोळ्यांसमोर आणता येतो.

मसुदा मराठीत विचार करून लिहा आणि मग इंग्रजीत आणा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की दुसऱ्यांच्या अर्जांतली गुळगुळीत वाक्यं नकळत येतात आणि तुमचा स्वतःचा तपशील बाहेर राहतो. एआयकडून सगळा मसुदा लिहून घेण्याचा मोह टाळाच. अनेक कार्यक्रम आता त्याबद्दल स्पष्ट प्रश्न विचारतात आणि मुलाखतीत त्या वाक्यांचा अर्थ सांगावा लागतो.

मराठी काम परदेशी वाचकापुढे कसं ठेवायचं

इथे मराठी पत्रकारांची खरी अडचण होते, म्हणून जरा थांबून सांगतो. अनेक दैनिकांत बातमीवर नाव येत नाही, फक्त ‘प्रतिनिधी’ किंवा ‘वार्ताहर’ असतं. अशा बातम्या नमुना म्हणून द्यायच्या असतील, तर संपादकाकडून लेटरहेडवर पत्र घ्या: अमुक तारखांच्या, अमुक शीर्षकांच्या बातम्या या व्यक्तीने केल्या आहेत. तारखा आणि पान क्रमांक त्यात हवेतच. ई-पेपरच्या लिंक काही महिन्यांत बंद पडतात, त्यामुळे पानाची स्वच्छ पीडीएफ जपून ठेवा.

नमुने तीन ते पाच पुरेत. प्रत्येकाचं संपूर्ण भाषांतर द्या. निवडक परिच्छेद दिले, तर उरलेल्यात काय आहे असा प्रश्न पडतो. भाषांतराच्या वर चार-पाच ओळींत संदर्भ लिहा. तलाठी, सातबारा, पालकमंत्री, ग्रामसेवक, आमदार निधी हे शब्द तिकडच्या वाचकाला ठाऊक नसतात. ते गाळू नका, एकदा सोप्या वाक्यात उलगडून सांगा आणि पुढे तसेच वापरा. बातमीनंतर काय झालं, चौकशी, निलंबन किंवा न्यायालयाची दखल, हे कागदासह एका ओळीत द्या. काहीच झालं नसेल, तर तसंही लिहायला हरकत नाही.

तालुका पातळीवरच्या वार्ताहराकडे नेमणूकपत्र नसतं. मानधन बातमीमागे किंवा महिन्याला ठोक मिळतं. मग पाच वर्षांचा अनुभव सिद्ध कसा करायचा? बँकेच्या खात्यातल्या मानधनाच्या नोंदी, संपादकाचं अनुभवपत्र, दरवर्षीची दोन-तीन छापील कात्रणं आणि मिळाली असल्यास माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची अधिस्वीकृती पत्रिका यांचा एक क्रमवार संच करा. रोखीने मिळालेल्या मानधनाच्या पावत्या नसतील, तर संपादकाच्या पत्रात कालावधी स्पष्ट लिहून घ्या. मुक्त पत्रकारितेचा अनुभव बहुतेक ठिकाणी चालतो, पण त्यात सातत्य दिसायला हवं.

कार्यकर्त्यांच्या बाबतीत छापील काम नसतं. त्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज व त्यांची उत्तरं, ग्रामसभेचे ठराव, जनसुनावणीचे अहवाल, न्यायालयातल्या याचिकेत स्वतःची भूमिका काय होती ते दाखवणारी पानं द्यावीत. गर्दीचे फोटो देऊ नयेत.

शिफारसपत्रं

आमदार, मंत्री किंवा कुलगुरू यांचं पत्र मोठं वाटतं, पण त्यांनी तुमचं काम जवळून पाहिलेलं नसतं आणि ते पत्र वाचताना लगेच कळतं. ज्याने तुमची बातमी परत पाठवून पुन्हा लिहायला लावली, तो वृत्तसंपादक जास्त उपयोगी. शक्यतो एक वरिष्ठ, एक तुमच्या विषयातला अभ्यासक आणि एक तुमच्याबरोबर काम केलेला सहकारी किंवा दुसऱ्या संस्थेतला माणूस असावा. प्रत्येकाला एक पान लिहून द्या: फेलोशिप काय आहे, तुमचा प्रकल्प काय आहे, आणि कोणते दोन प्रसंग त्यांना आठवत असतील. तिघांनी तेच तीन गुण लिहिले, तर पत्रांचा उपयोग होत नाही.

पोर्टल शिफारस करणाऱ्याला थेट ईमेलने लिंक पाठवतं आणि ती हमखास स्पॅममध्ये जाते. लिंक पाठवल्याच्या दिवशी फोन करून सांगा. ज्येष्ठांना पोर्टल वापरायची सवय नसेल, तर शेजारी बसून मदत करा, मात्र पत्र त्यांचंच असू द्या. मराठीत लिहिणं त्यांना सोयीचं असेल, तर मूळ मराठी पत्र आणि त्यांनी सही केलेलं इंग्रजी भाषांतर दोन्ही जोडता येतं का, ते कार्यालयाला आधी विचारा.

मुलाखत

बहुधा वीस ते तीस मिनिटं, व्हिडिओवर. एक प्रश्न नक्की येतो: परत गेल्यावर काय करणार? ‘समाजासाठी काम’ म्हणू नका, कोणत्या संस्थेत, कोणत्या महिन्यात, काय, ते सांगा. तुमच्या प्रकल्पाच्या विरोधातला सर्वात चांगला मुद्दा स्वतः मांडून त्याला उत्तर द्यायची तयारी करा. लोडशेडिंगच्या भागात असाल, तर त्या दिवशी शहरात जाऊन बसा आणि मोबाइलचं दुसरं नेटवर्क जवळ ठेवा.

कायदा: हा भाग वाचल्याशिवाय होकार कळवू नका

परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१०, म्हणजे एफसीआरए, पत्रकारांना थेट लागू होतो. कलम ३ नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे बातमीदार, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक आणि मालक यांना परकीय योगदान घेता येत नाही. मात्र कलम ४ मध्ये शिष्यवृत्ती, विद्यावेतन किंवा तशा स्वरूपाचं देय यांना सूट आहे. म्हणून निवडपत्रात मिळणाऱ्या रकमेचं स्वरूप स्पष्ट लिहिलेलं हवं. परतल्यानंतर ‘बातमीदारीसाठी अनुदान’ देऊ असं सांगितलं जात असेल, तर ते या सुटीत बसेलच असं नाही. तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय पैसे खात्यावर येऊ देऊ नका.

स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्यांनी फेलोशिपची रक्कम स्वतःच्या खात्यात घ्यावी, संस्थेच्या खात्यात नाही. संस्थेच्या नावाने आली, तर एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेने आलेली परकीय रक्कम दुसरीकडे वळती करणंही बंद झालं आहे. त्यामुळे ‘मोठ्या संस्थेमार्फत घेऊ’ हा जुना मार्ग आता नाही.

सरकारी महाविद्यालयातले प्राध्यापक, सरकारी कर्मचारी, सरकारच्या मालकीच्या महामंडळांचे कर्मचारी आणि राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांना कलम ६ लागू होतं. परदेशी यजमानाने प्रवास, निवास, जेवण यांचा खर्च करायचा असेल, तर गृह मंत्रालयाची आधी परवानगी लागते. एफसी-२ हा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. खात्याचं ना हरकत पत्र मिळायलाच महिने जातात, म्हणून मुलाखतीला बोलावणं आलं की लगेच फाइल पुढे सरकवा.

अटींचंही वाचन करा. बडोदा संस्थानाने १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा सोडून त्यांना परतावं लागलं, आणि तो पुरा करायला ते १९२० मध्ये पुन्हा गेले. आजही अमेरिकी सरकारच्या पैशाने गेलात, तर जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर, परतल्यानंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू शकते. कोणत्या देशांच्या कोणत्या क्षेत्रांतल्या लोकांना ही अट लागते, ते ठरवणाऱ्या अमेरिकी कौशल्य यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव निघाल्याने इतर अनेकांची त्यातून सुटका झाली, सरकारी निधीवाल्यांची नाही.

व्हिसा आणि पहिला महिना

जे-१ साठी यजमानाकडून डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद यावा लागतो. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळायला हवं, वडिलांचं किंवा पतीचं नाव मध्ये आलं-गेलं तर दुरुस्तीत आठवडे जातात. काही यजमान सेव्हिस (परदेशी विद्यार्थी व पाहुण्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी यंत्रणा) फी आणि व्हिसा फी भरून देतात, आधी विचारा. जून २०२५ पासून जे-१ अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक करायला सांगितलं जातं. आंदोलनात असलेल्या माणसाच्या खात्यात इतरांची नावं, फोटो, ठिकाणं असतात. खातं खुलं करण्याआधी त्या सहकाऱ्यांना सांगणं ही तुमची जबाबदारी आहे. खाती लपवू नका, अर्जात खोटी माहिती दिली तर पुढचे व्हिसाही अडकतात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी लागते.

पहिलं विद्यावेतन तिथे बँक खातं उघडल्यावरच येतं आणि त्यात दोन-तीन आठवडे जातात. घराची अनामत त्याआधी भरावी लागते. इंग्लंडमध्ये ती कायद्याने सहसा पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंतच घेता येते. किमान सहा आठवड्यांचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

धोक्यात असलेल्यांसाठी

इथे वेळापत्रक वेगळं आणि घाई खरी असते. अभ्यासकांसाठी न्यूयॉर्कमधून चालणारं स्कॉलर्स ॲट रिस्क आणि २००२ पासूनचा आयआयई स्कॉलर रेस्क्यू फंड, ब्रिटनमध्ये १९३३ पासून काम करणारी कारा ही संस्था, तर मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स. जर्मनीच्या फिलिप श्वार्त्झ उपक्रमात अभ्यासकाला स्वतः अर्ज करता येत नाही, जर्मन विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेला तो करावा लागतो. म्हणून आधी त्या विषयातल्या जर्मन प्राध्यापकाशी संपर्क हवा.

पुरावे तारखेनुसार लावा: एफआयआरची प्रत, नोटिसा, धमकीचे संदेश व त्यांचा स्क्रीनशॉट तारीख-क्रमांकासह, निलंबनाचं पत्र, वकिलाचं एक पानी टिपण. भीती वाटते एवढं लिहून चालत नाही, कोणी, कधी, काय केलं ते लागतं. ही कागदपत्रं कार्यालयाच्या ईमेलवरून किंवा कंपनीच्या लॅपटॉपवरून पाठवू नका. सिग्नल या सुरक्षित मेसेजिंग ॲपवर किंवा संस्थेने सांगितलेल्या सुरक्षित मार्गानेच पाठवा आणि एक प्रत विश्वासू वकिलाकडे ठेवा. कुटुंबाला बरोबर नेता येईल का, हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचारा. अनेक निवासांत एकट्यापुरतीच सोय असते.